बशीत मेलेला कॅन्सर

जिंतूर तालुक्यातल्या एका गावात माझ्या खालाचं घर आहे. तिथे फ्रिजवर एक कात्रण लॅमिनेट करून ठेवलेलं आहे. त्यात माझा फोटो, हातात काचेचं भांडं, आणि मथळा : ‘परभणीच्या विद्यार्थिनीने शोधले कॅन्सरवर औषध’. शेजारी कलौंजीच्या तेलाची रिकामी बाटली. बाटलीवर हिरव्या अक्षरांत आजारांची लांबलचक यादी छापलेली आहे. त्यात मधुमेह आहे, केसगळती आहे, आणि कॅन्सरही आहे.

खालाला छातीत गाठ लागली तेव्हा तिने ती आधी कुणाला सांगितली नाही. मग मोठ्या मुलीला सांगितली. मुलीने दवाखान्यात चल म्हटलं, तर म्हणाली, मर्द डॉक्टर असेल. त्यानंतर कुणीतरी एका हकीमसाहेबांचं नाव सुचवलं. कलौंजीचं तेल आणि मध, रोज सकाळी उपाशीपोटी. अकरा महिने. मी सुट्टीत गेले तेव्हा मला कळलं. मी ओरडले, रडले, तर ती माझी समजूत घालत म्हणाली, “तूच तो लिखी ना बेटा, पेपर में आया ना तेरा. मैं वोइच ले रई.”

पुढे छत्रपती संभाजीनगरला नेलं तेव्हा कॅन्सर हाडांत पोहोचला होता. खाला गेली. हा लेख तिच्या आठवणीचा नाही. हा लेख त्या कात्रणाविरुद्ध आहे, त्या बाटलीविरुद्ध आहे, आणि मित्रांनो, तुम्ही-आम्ही रोज ग्रुपवर ‘सुभानल्लाह, सायन्सने भी मान लिया’ म्हणून जे पुढे ढकलतो, त्याच्याविरुद्ध आहे.

आधी माझ्या ‘शोधा’बद्दल. मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलं. प्रबंधासाठी पाच वनस्पती घेतल्या : गुळवेल, निर्गुंडी, करंज, सीताफळाची पानं आणि कलौंजी. चार दुधनेच्या काठाने आणि येलदरीच्या बाजूने गोळा केल्या, कलौंजी दुकानातून आणली. (ही कांद्याची बी नव्हे. आपल्याकडे निम्मे लोक तसंच समजतात.) सगळं सावलीत वाळवलं, कुटलं, मिथेनॉलमध्ये अर्क काढला आणि मिथेनॉल उडवून टाकलं. खाली राहिला चिकट, काळपट लगदा. आमच्याकडे पेशी वाढवण्याची सोय नव्हती, म्हणून नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवले. म्हणजे ज्या कॅन्सरच्या पेशी मी ‘मारल्या’ असं पेपरात छापून आलं, त्या मी डोळ्यांनी पाहिल्याही नाहीत.

तिथे काय होतं ते सांगते, कारण सगळी फसवणूक इथेच सुरू होते. तळहाताएवढी प्लास्टिकची पट्टी असते, तिला 96 खळगे. प्रत्येक खळग्यात काही हजार पेशी सोडतात. माझ्या प्रयोगातल्या पेशी एमसीएफ-7 जातीच्या होत्या. अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये 1970 साली स्तनाचा कॅन्सर झालेल्या एका ख्रिस्ती जोगिणीच्या छातीतल्या पाण्यातून त्या घेतल्या. ती बाई केव्हाच गेली, पेशी मात्र जगभरच्या प्रयोगशाळांत अजून वाढताहेत. खळग्यांमध्ये अर्क वेगवेगळ्या प्रमाणात घालायचा, दोन-तीन दिवस थांबायचं आणि पिवळा रंग टाकायचा. जिवंत पेशी त्या पिवळ्याचा जांभळा करतात, मेलेल्या करत नाहीत. जांभळा किती उतरला ते यंत्र मोजतं. याला एमटीटी चाचणी म्हणतात, ती 1983 पासून वापरात आहे. स्वस्त आहे, झटपट होते, आणि सुरुवातीची चाळणी म्हणून चांगली आहे. मुद्दा ‘चाळणी’ या शब्दाचा आहे.

खळग्यात मीठ जास्त घातलं तरी पेशी मरतात. फिनेल घातलं तरी मरतात. नळाचं पाणी घातलं तरी मरतात. उघड्या बशीत पडलेल्या पेशीला ना यकृत आहे, ना मूत्रपिंड, ना रक्त. तिला मारणं हा पराक्रम नाही. पराक्रम असतो तो तिला मारून शेजारची निरोगी पेशी जिवंत ठेवण्यात, आणि तेही माणसाच्या आत. माझ्या प्रबंधात निरोगी पेशींवर चाचणी नव्हतीच, कारण तिचे वेगळे पैसे पडले असते. शिवाय वनस्पतींच्या अर्कातली काही द्रव्यं पेशी नसतानाही त्या पिवळ्या रंगाचा जांभळा करतात. ते तपासायला नुसता अर्क घातलेले, बिनपेशींचे खळगे ठेवावे लागतात. तेही आम्ही ठेवायला सांगितले नव्हते. मला कुणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

आता आकडा. नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्राचं ॲक्ट्रेक आहे. तिथे देशभरच्या संशोधकांना अशी चाचणी करून मिळते. त्यांचा निकष असा, की कच्च्या अर्काने मिलिलिटरला 20 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी प्रमाणात पेशींची वाढ निम्म्यावर आणली, तरच त्याला सक्रिय म्हणायचं. आमचे नमुने तिथे नव्हते गेले, पण हा निकष लावला तर माझी एकही वनस्पती पास होत नाही. कलौंजीचा आकडा त्याच्या कितीतरी पट वर होता. मग प्रबंधात आम्ही काय लिहिलं? ‘मध्यम स्वरूपाची कॅन्सरविरोधी क्रिया आढळली. भविष्यात आशादायक औषध ठरू शकते.’ हे वाक्य माझ्या आधीच्या वर्षीच्या प्रबंधात होतं आणि माझ्या नंतरच्या वर्षीही आलं. फक्त झाडाचं नाव बदलतं.

या वाक्याने कुणाचं काय झालं ते पाहा. मला पदवी मिळाली. मार्गदर्शकांना एक पेपर मिळाला. कॉलेजला कात्रण मिळालं. वार्ताहराला ‘आपल्या मातीतली मुलगी’ मिळाली. हकीमसाहेबांना पुरावा मिळाला. ‘शोधले’ हा शब्द माझा नव्हता, पण छापून आल्यावर मी तो खोडायलाही गेले नाही. अब्बांनी पेढे वाटले होते. कशी जाणार?

याचा अर्थ झाडांत काही नाही असा कुणी काढला, तर तो माझा शत्रू. दारातली सदाफुली घ्या. आपल्या कब्रस्तानांतही ती उगवते. जमैकात तिच्या पानांचा काढा लोक मधुमेहावर घ्यायचे. कॅनडातले डॉक्टर रॉबर्ट नोबल यांच्याकडे ती पानं पोहोचली. त्यांनी प्राण्यांना अर्क दिला तर साखर काही उतरली नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी धडाधड कमी झाल्या. दुसरा कुणी असता तर ‘मधुमेहावर निरुपयोगी’ म्हणून टाकून दिलं असतं. नोबल आणि त्यांचे सहकारी चार्ल्स बीअर या घसरलेल्या आकड्याच्या मागे लागले. 1958 साली त्यांनी त्यातून विनब्लास्टिन वेगळं केल्याचं जाहीर केलं. पुढे त्याच झाडातून विनक्रिस्टिन आलं. आज लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर विनक्रिस्टिन दिल्याशिवाय उपचार होत नाहीत. ध्यानात घ्या, परंपरेने सांगितलं होतं एक आणि निघालं दुसरंच. आणि कुणी सदाफुलीची पानं चावून रक्ताचा कॅन्सर बरा केला नाही. ते झाड विषारी आहे. शेकडो किलो वाळक्या पानांतून चिमूटभर द्रव्य निघतं. ते वजनावर मोजून, शिरेतून, डॉक्टरच्या नजरेखाली द्यावं लागतं.

दुसरं उदाहरण आपल्या अगदी जवळचं आहे. मनसुख वाणी यांचा जन्म 1925 चा, नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठात शिकून ते अमेरिकेत गेले आणि मनरो वॉल यांच्याबरोबर त्यांनी झाडांतून कॅन्सरवरची दोन औषधं शोधली : कॅम्प्टोथेसिन आणि टॅक्सॉल. टॅक्सॉलची गोष्ट ऐका. 1962 मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका झाडाची साल गोळा केली गेली. रचना कळली 1971 मध्ये. ते पेशीत नेमकं काय करतं हे सुझन हॉरविट्झ यांनी 1979 मध्ये दाखवलं. औषध म्हणून मंजुरी मिळाली 1992 च्या डिसेंबरात. तीस वर्षं. कॅम्प्टोथेसिनचं तर त्याहून बोलकं आहे. बशीत चाललं, उंदरांत चाललं, माणसांना दिलं तर मूत्राशयातून रक्त यायला लागलं. 1972 मध्ये चाचण्या थांबवाव्या लागल्या. त्याच वर्षी भारतीय शास्त्रज्ञांनी आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात हेच द्रव्य भरपूर असल्याचं दाखवलं. आता कल्पना करा, तेव्हा व्हॉट्सॲप असतं तर? ‘सह्याद्रीतला चमत्कार, नरक्याचा काढा प्या.’ किती जण मेले असते? वर्षानुवर्षं रसायनात फेरफार करून, ते सोसण्याजोगं करून, 1996 मध्ये त्यातून दोन औषधांना मंजुरी मिळाली. आतड्याच्या कॅन्सरवर दिलं जाणारं इरिनोटेकान हे त्यातलं एक. बशीपासून रोग्यापर्यंतचा रस्ता असा असतो. आमचे प्रबंध बस स्टँडवरच्या पाटीजवळ उभे राहून ‘मुंबईला पोहोचलो’ म्हणतात.

आणि पोहोचू नयेत असेही रस्ते असतात, हे हळदीने शिकवलं. वसमत पूर्वी आपल्याच परभणी जिल्ह्यात होतं, 1999 मध्ये हिंगोली वेगळा झाला. तिथल्या बाजारात हळदीचे ढीग पाहत आम्ही मोठे झालो. हळदीने जखम भरते, याचं पेटंट 1995 मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने मिळवलं. आपल्या रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर लढली आणि 1997 मध्ये ते रद्द झालं. आम्हाला ही गोष्ट शाळेत सांगितली जाते, छाती फुगते. दुसरी गोष्ट सांगत नाहीत. हळदीतलं करक्युमिन बशीत जवळपास प्रत्येक कॅन्सरच्या पेशीवर ‘चालतं’. 2017 मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या एका मोठ्या नियतकालिकात त्याचा सगळा हिशेब मांडला गेला. माणसांवरच्या शंभराहून जास्त चाचण्या होऊनही एकही काटेकोर चाचणी यशस्वी नव्हती. करक्युमिन अनेक प्रकारच्या चाचण्यांना फसवतं, रक्तात नावापुरतंच उतरतं आणि लगेच मोडतं. त्याचा सर्वांत मोठा प्रचारक असलेल्या अमेरिकास्थित भारतीय शास्त्रज्ञाचे अनेक शोधनिबंध मागे घेतले गेले. वरणात हळद जरूर घाला. केमोच्या जागी घालू नका.

आता आपल्या घरातलं बोलू. मघापासून काहींना वाटत असेल, ही बाई कलौंजीवर येऊन थांबणार आणि पुढे हदीसबद्दल बोलायला घाबरणार. नाही घाबरत.

कलौंजीत मृत्यू सोडून प्रत्येक आजारावर शिफा आहे, अशा आशयाची रिवायत प्रसिद्ध आहे. ती बाटलीवर छापलेली असते. तिच्या खाली हल्ली ‘थायमोक्विनोन’ हा शब्दही छापलेला असतो, म्हणजे दीन पण झाला आणि सायन्स पण. थायमोक्विनोन हे कलौंजीतलं खरंखुरं द्रव्य आहे आणि बशीत ते कॅन्सरच्या पेशी मारतं. त्यावर शेकडो पेपर आहेत, त्यातले कित्येक मुस्लिम देशांतले. आणि एक पेपर असा आहे जो बाटलीवर कुणी छापत नाही. 2009 मध्ये सौदी अरेबियातल्या डॉक्टरांनी थायमोक्विनोन प्रत्यक्ष रोग्यांना दिलं. कॅन्सर पुढे गेलेले 21 रुग्ण होते. त्यांना ते सोसलं. कॅन्सरवर परिणाम दिसला नाही. त्या डॉक्टरांनी तसं लिहिलं आणि छापलं. माझ्या लेखी हे इमानदारीचं काम आहे, आणि ते मक्का-मदिनेच्या देशात झालं आहे. मग आपल्या गल्लीतल्या बाटलीला कुणाची भीती वाटते?

ज्यांना वाटतं की हे बोलणं म्हणजे हदीसचा इन्कार, त्यांनी इब्न खलदून वाचावा. 1377 मध्ये लिहिलेल्या मुकद्दिमात तो स्पष्ट म्हणतो, की पैगंबरांच्या नावाने जी तिब्ब सांगितली जाते ती त्या काळच्या अरबांच्या अनुभवाची आहे, वहीचा भाग नाही. पैगंबर शरीयत शिकवायला आले होते, वैद्यकी नाही. दाखला म्हणून तो खजुराच्या परागीकरणाचा प्रसंग देतो. तो तुम्ही मदरशात ऐकला असेल. सहाशे वर्षांपूर्वीच्या एका काझीला जे लिहिता आलं, ते आज परभणीत बोलायला आपण आजूबाजूला पाहतो.

आणि चाचणीचंच म्हणाल, तर ती आपल्यासाठी परकी कधी होती? अल-राझीने सरसामच्या रोग्यांचे दोन गट केले, एकाचं रक्त काढलं, दुसऱ्याचं मुद्दाम काढलं नाही, आणि फरक पाहिला. इब्न सीनाने कानूनच्या दुसऱ्या भागात औषध पारखण्याचे नियम घातले. त्यात एक नियम असा, की औषध माणसावर तपासलं पाहिजे, कारण सिंहावर किंवा घोड्यावर जे झालं ते माणसावर होईलच असं नाही. बशीतल्या पेशी तर घोड्याच्याही फार अलीकडे राहिल्या. इब्न सीनाचं नाव दुकानाच्या पाटीवर लावणाऱ्यांनी त्याचा हा नियम काउंटरवर लावून दाखवावा.

हकीम अजमल खानांचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटतं. युनानी त्यांचा पिढीजात वारसा. तरी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात त्यांनी जर्मनीत शिकून आलेल्या सलीमुज्जमान सिद्दिकींना संशोधनासाठी बसवलं, की या जडीबुटींच्या आत काय आहे ते शोधा. सर्पगंधेतून द्रव्यं वेगळी निघाली ती 1931 मध्ये. तोवर अजमल खान हयात नव्हते. सिद्दिकींनी एकाला नाव दिलं अजमलीन. मग 1949 मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी रक्तदाबाच्या 50 रोग्यांना सर्पगंधा देऊन, मोजून, निष्कर्ष ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले. जगाने ते औषध उचललं. पुढे त्याचे दुष्परिणाम कळले, चांगली औषधं आली, ते मागे पडलं. असंच व्हायला हवं. हा आपला वारसा आहे. याचा अभिमान बाळगा, बाटलीचा नको.

एक कडू गोष्ट. 2019 च्या लोकसभा निवडणुकीत भोपाळच्या एका उमेदवाराने गोमूत्राने आपला स्तनाचा कॅन्सर बरा झाल्याचं सांगितलं, तेव्हा आपले सगळे ग्रुप हसून लोटपोट झाले होते. नंतर एका सर्जनने सांगितलं, की आपण त्यांच्यावर शस्त्रक्रिया केल्या होत्या. त्यावर आणखी हसलो. आणि त्याच ग्रुपवर, त्याच आठवड्यात, कलौंजी आणि अजवा खजुराने कॅन्सर बरा झाल्याची क्लिप फिरत होती. तिच्यावर कुणी हसलं नाही. मीही नाही. त्यांचं ते अंधश्रद्धा आणि आपलं ते शिफा? तर्क एकच आहे : पवित्र आहे, म्हणून औषध आहे, आणि आता प्रयोगशाळेनेही मान्य केलंय. मला तर यात ईमानचाच अपमान दिसतो. ज्याला खळग्याच्या पट्टीचं सर्टिफिकेट लागतं ते कसलं ईमान? आणि उद्या पट्टीने नापास केलं, तर काय करणार?

माझ्याशी भांडणारे आता म्हणतील, दवाखाने तरी कुठे दुधाने धुतलेले आहेत? बरोबर आहे. खाजगीत लूट आहे. केमोचा त्रास भयंकर आहे. परभणीहून रात्रीच्या गाडीने मुंबईला जायचं, टाटाच्या बाहेर फुटपाथवर पथारी टाकायची, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत नंबर लागतो का बघायचा, हे मी नातेवाइकांबरोबर केलेलं आहे. खालाला बाई डॉक्टर तिच्या तालुक्यात वेळेवर भेटली असती, तर ती कदाचित पहिल्याच महिन्यात गेली असती. ही सगळी भांडणं मला मंजूर आहेत, मोर्चा काढा, मी पुढे उभी राहते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, मर्यादा 5 लाखांची झाली आहे, तरी आपल्या मोहल्ल्यात किती घरांना हे माहीत आहे ते विचारा. पण दवाखाना वाईट आहे, म्हणून बाटली चांगली ठरत नाही. अमेरिकेत 2018 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बरा होण्याजोगा कॅन्सर असूनही ज्यांनी फक्त पर्यायी उपचार घेतले अशा 281 रोग्यांची, नेहमीचे उपचार घेणाऱ्या 560 जणांशी तुलना केली. पर्यायीवाल्यांचा मृत्यूचा धोका अडीच पट निघाला. स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाच पटींहून जास्त. मी हा आकडा खाला गेल्यानंतर वाचला.

‘नुकसान तर काही नाही ना’ हेही ऐकते. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी सहा रुग्णांची नोंद छापली. करोनाच्या काळात गुळवेल घेतल्यावर त्यांच्या यकृताला इजा झाली होती. आयुष मंत्रालयाने ते मानलं नाही, वाद झाला. होऊ दे. लक्ष्मणफळाचा तर सध्या बाजारच भरलाय. त्याच्या झाडात मज्जातंतूंना घातक द्रव्यं असतात, आणि ग्वादलूप बेटावर ते सतत खाणाऱ्यांत कंपवातासारखा आजार जास्त दिसल्याचं 1999 मध्येच लॅन्सेटमध्ये आलंय. पण खालाला तेलाने विष झालं नाही. तेलाने तिचे अकरा महिने घेतले. नुकसान ते.

कायदा आहे का? 1954 पासून आहे. ज्या आजारांवर औषधाची जाहिरात करायला बंदी आहे त्यांच्या यादीत कॅन्सर आहे. या कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं होतं आपल्याच हमदर्द दवाखान्याने. 1959 च्या डिसेंबरात निकाल लागला. न्यायालयाने काही कलमं सैल ठरवली, पण अशी जाहिरात म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्य नव्हे, असं बजावलं. म्हणजे बाटलीवर ‘कॅन्सर’ हा शब्द छापणं आजही गुन्हाच आहे. मी अन्न व औषध प्रशासनाकडे बाटलीचा फोटो पाठवून तक्रार करायचं ठरवलं, तेव्हा घरातलेच म्हणाले, ‘अपनेच लोगां की कंप्लेंट करते क्या?’ खालापण अपनीच होती.

खेड्यापाड्यांत खरी चाचणी कशी करणार, असं कॉलेजातले सर लोक म्हणतात. इथून फार लांब नाही, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात झाली आहे. टाटा स्मारक आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने 30 ते 59 वर्षांच्या 1,31,746 बायकांना घेऊन गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी केली. वेगवेगळ्या गटांना वेगवेगळी तपासणी दिली आणि आठ वर्षं मृत्यू मोजले. एचपीव्ही चाचणी एकदाच केलेल्या गटात 34 मृत्यू, तपासणी न झालेल्या गटात 64. हे 2009 मध्ये न्यू इंग्लंड जर्नलला छापून आलं. तपासणी न दिलेल्या गटाबद्दल नैतिक प्रश्न विचारले गेले, आणि ते रास्त आहेत. पण पुराव्याची भूक असलेली माणसं मराठवाड्याच्या खेड्यांत घरोघर फिरली, बायकांनी दार उघडलं, आणि त्यातून जगाला काहीतरी कळलं. त्यांच्यापुढे आमचे 96 खळगे काय?

म्हणून ज्या मुली-मुलांनी यंदा प्रबंधाला कलौंजी, अजवा, मिस्वाक, शेवगा घेतलाय, त्यांना माझं सांगणं आहे. घ्या. पण निरोगी पेशी लावा, पैसे कमी असतील तर पाचाच्या जागी दोनच झाडं घ्या. बिनपेशींचे खळगे ठेवा. आकडा नापास असेल तर ‘नापास’ असंच लिहा. मार्गदर्शक म्हणतील की मग पेपर छापला जाणार नाही. छापला नाही तर चालेल. आणि वार्ताहर आला तर मथळा आधी दाखव म्हणा. मी म्हटलं नव्हतं.

कात्रण काढून टाका, असं मी खालाच्या मुलांना दोनदा सांगितलं. धाकटा म्हणतो, अम्मीला त्याचं फार कौतुक होतं, राहू द्या बाजी. ते अजून फ्रिजवर आहे. त्या कात्रणामुळे मला आजही फोन येतात, सेलूहून, मानवतहून, एकदा लातूरहून. कुणाच्या आईला, कुणाच्या बहिणीला. कलौंजी किती चमचे द्यायची, असं विचारतात. मी म्हणते, ते नंतर बघू, आधी सांगा, गाठ किती दिवसांपासून आहे?